फाइन्स भरताना : आयएमएसबीसी कोड, दोन सर्टिफिकेटं आणि एक पत्र्याचा डबा

शिपरचं (माल पाठवणाऱ्याचं) कार्गो डिक्लरेशन हातात पडलं की आम्ही आधी मालाचं नाव आणि गट बघतो. 'आयर्न ओर' असेल तर माल आयएमएसबीसी कोडच्या, म्हणजे जहाजातून सुटा घन माल नेण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या, सी गटात बसतो, म्हणजे तो पातळ होण्याची भीती नाही आणि रासायनिक धोकाही नाही. 'आयर्न ओर फाइन्स', म्हणजे लोहखनिजाचा बारीक माल, असेल तर तो ए गटात जातो. त्यातला ओलावा ठरलेल्या मर्यादेवर गेला तर होल्डमधला (जहाजाच्या मालाच्या कप्प्यातला) माल द्रवासारखा वाहू लागतो आणि जहाज उलटू शकतं. जहाजापर्यंत माल आणणाऱ्या उघड्या बार्जमध्ये (सपाट मालबोटीत) दोन्ही माल तांबडेच दिसतात. त्यामुळे नावावर विश्वास न ठेवता मालाची कणरचना मागायची, ही गोव्यातल्या मुरगावच्या अँकरेजवर (नांगर टाकून उभं राहण्याच्या जागी) माल भरणाऱ्या चीफ ऑफिसरने लावून घेण्याची पहिली सवय.

त्याआधी आपल्या कपाटातला कोड कोणत्या सालचा आहे ते बघावं लागतं. हा कोड १ जानेवारी २०११ पासून सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली बंधनकारक आहे आणि दर दोन वर्षांनी त्यात दुरुस्ती येते. ०७-२३ ही दुरुस्ती १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. फाइन्सचं स्वतंत्र परिशिष्ट ०३-१५ दुरुस्तीने आलं आणि १ जानेवारी २०१७ पासून बंधनकारक झालं. त्याआधीच्या छापील प्रतीत लोहखनिजाची सी गटातली जुनीच नोंद सापडते. कोणी घाईत तीच प्रत उघडली तर शिपरचं चुकीचं डिक्लरेशनसुद्धा त्याला बरोबर वाटेल. म्हणून जुनी आवृत्ती 'असू दे, संदर्भाला' म्हणून ठेवूच नये. रद्द झालेली प्रत ब्रिजवरून, कार्गो ऑफिसातून आणि कॉम्प्युटरवरूनही काढायची. पीडीएफ किंवा इलेक्ट्रॉनिक प्रत चालते, पण कंपनीच्या आयएसएम (सुरक्षा व्यवस्थापन) पद्धतीत तिची नोंद हवी. पेन ड्राइव्हवरून कुठून तरी आलेली फाइल म्हणजे पुस्तक नव्हे.

फाइन्स कशाला म्हणायचं हे कोडने कणांच्या आकारावर ठरवलं आहे. १ मिलिमीटरपेक्षा बारीक कण १० टक्के किंवा जास्त आणि १० मिलिमीटरपेक्षा बारीक कण ५० टक्के किंवा जास्त, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की माल फाइन्स ठरतो. एक अपवाद आहे : गोएथाइट हे खनिज ३५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर तोच बारीक माल सी गटाखाली नेता येतो. पण ते प्रमाण मान्य पद्धतीने काढून डिक्लरेशनमध्ये लिहिलेलं हवं. 'आमच्या खाणीत गोएथाइट भरपूर आहे' असं एजंटने तोंडी सांगून भागत नाही. चाळणीचा अहवाल जोडलेला नसेल तर माल फाइन्सच आहे असं धरून चालावं. तसं धरल्याने फार तर एक दिवस जाईल.

हा माल दगा कसा देतो ते समजलं की पुढच्या तपासण्या नुसती कागदपत्रं वाटत नाहीत. भरताना तो दमट मातीसारखा दिसतो. कणांच्या मधल्या पोकळीत थोडं पाणी असतं, थोडी हवा. इंजिनाची कंपनं आणि लाटांचे हेलकावे यांनी कण दबत जातात, पोकळी आकसते, पाणी मात्र तेवढंच राहतं. हवा निघून गेली की सगळा दाब पाण्यावर येतो आणि कणांना एकमेकांवर धरून ठेवणारं घर्षण संपतं. समुद्रकाठच्या घट्ट ओल्या वाळूवर एकाच जागी पाय आपटत राहिलं की ती लिबलिबीत होते, तेच इथे हजारो टनांत घडतं. जहाज डावीकडे कललं की माल डावीकडे सरकतो; जहाज उजवीकडे येताना तो पूर्ण परत येत नाही. प्रत्येक हेलकाव्याला कल थोडा वाढतो. शेवटचा टप्पा काही मिनिटांत उरकतो, बोटी सोडायलाही वेळ मिळत नाही.

जुलै २००९ मध्ये न्यू मंगळूरहून निघालेलं 'एशियन फॉरेस्ट' आणि सप्टेंबर २००९ मध्ये पारादीपजवळ 'ब्लॅक रोझ', ही दोन्ही जहाजं भारतीय लोहखनिजाचे फाइन्स घेऊन पावसाळ्यातच बुडाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये निकेल ओर घेऊन जाणारं 'एमराल्ड स्टार' बुडालं तेव्हा त्यावरचे २६ खलाशी-अधिकारी भारतीय होते. त्यातले १६ वाचले. खनिज वेगळं असलं तरी कारण हेच सांगितलं जातं.

आता सर्टिफिकेटांकडे. दोन आकडे लागतात. एक टीएमएल, म्हणजे जहाजाने नेण्याजोग्या ओलाव्याची कमाल मर्यादा, आणि दुसरा मालातला प्रत्यक्ष ओलावा. दुसरा पहिल्यापेक्षा कमी हवा. बरोबरीचाही चालत नाही. टीएमएलची चाचणी भरण्याच्या तारखेआधी सहा महिन्यांच्या आतली हवी. ओलाव्याचा नमुना भरण्याच्या जितका जवळ घेता येईल तितका चांगला, आणि सात दिवसांपेक्षा जुना तर कधीच नको. मध्ये जोराचा पाऊस झाला असेल तर सात दिवस पुरे झाले नसले तरी ओलावा पुन्हा तपासून घ्यायचा. यांच्या जोडीला तिसरा एक कागद लागतो आणि तो हमखास मागे राहतो. नमुने कसे घेणार, ओलावा कसा ताब्यात ठेवणार याची शिपरची कार्यपद्धती बंदराच्या देशातल्या सक्षम अधिकाऱ्याने मंजूर केलेली असावी लागते, आणि त्या मंजुरीची प्रत कॅप्टनकडे यायला हवी. आपल्याकडे हा अधिकार नौवहन महानिदेशालयाच्या यंत्रणेकडे आहे. प्रत आली नसेल तर लेखी मागणी करा.

सर्टिफिकेट वाचताना आम्ही पेन घेऊन बसतो, कारण खरी गफलत आकड्यांच्या आत दडलेली असते. फ्लो टेबल पद्धतीत आधी एफएमपी निघतो, म्हणजे माल वाहू लागतो तो ओलावा. त्याच्या ९० टक्के म्हणजे टीएमएल. एफएमपी १० असेल तर टीएमएल ९. काही अहवालांत एफएमपी ठळक छापलेला असतो आणि टीएमएल खाली बारीक अक्षरांत, ९.४ ओलावा असलेला माल ठळक आकड्याशेजारी ठेवला की 'पास' वाटतो. फाइन्ससाठी कोडने प्रॉक्टर-फेगरबर्ग चाचणीची खास सुधारित पद्धतही दिली आहे. तिथे ९० टक्क्यांचा गुणाकार नसतो, संपृक्ततेच्या (कणांमधली पोकळी पाण्याने किती भरली त्याच्या) ८० टक्के रेषेवरून थेट टीएमएल निघतो. म्हणून कोणती पद्धत वापरली ते कागदावर लिहिलेलं हवंच.

याहून फसवा प्रकार ओल्या आणि सुक्या वजनाचा. कोड ओलावा ओल्या वजनावर मोजतो. १००० ग्रॅम नमुना वाळवून ९०५ ग्रॅम राहिला तर पाणी ९५ ग्रॅम, ओलावा ९.५ टक्के. हेच पाणी सुक्या वजनावर काढलं तर १०.५ टक्के होतं. समजा प्रयोगशाळेने टीएमएल सुक्या वजनावर १०.३ दिला आणि ओलावा ओल्या वजनावर ९.५ दिला. वरवर माल सुरक्षित दिसतो. पण १०.३ ला ओल्या वजनावर आणलं की ९.३४ होतात, आणि माल मर्यादेच्या वर आहे हे कळतं. दोन्ही आकडे एकाच पायावर आहेत का, एवढा एक प्रश्न ई-मेलवर विचारून लेखी उत्तर घ्यायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कोणत्याही घाईत वाचवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

सरासरीचंही तसंच. जहाजाच्या पाच होल्डांत माल जाणार असेल तर प्रत्येक होल्डमधल्या मालाचा ओलावा वेगळा प्रमाणित हवा. सगळा माल एकजिनसी असल्याचं नमुन्यांवरून दिसलं तरच एक सरासरी आकडा चालतो. चार होल्ड ८ टक्क्यांचे आणि एक ११ टक्क्यांचा असला तर सरासरी ८.६ येते, पण जहाज उलटवायला तो एक होल्ड पुरतो.

शक्य असेल तिथे पी अँड आय क्लबमार्फत (जहाजमालकांच्या विमा संस्थेमार्फत) स्वतंत्र सर्व्हेअर नेमून त्याला स्टॉकपाइलवर पाठवावं. मोकळ्या आभाळाखालचा ढीग वरून उन्हाने वाळतो, पापुद्रा धरतो. आत गेल्या पावसाचं पाणी तसंच असतं आणि तळाला सगळ्यात जास्त. वरवरचं खरवडून घेतलेला नमुना कोरडाच येणार. कॉन्सन्ट्रेटच्या (शुद्ध केलेल्या बारीक खनिजाच्या) ढिगांसाठी कोडने नमुन्यांचा हिशेबच घालून दिला आहे, आणि फाइन्सच्या ढिगावरही आम्ही सर्व्हेअरकडून तीच शिस्त मागतो. १५,००० टनांपर्यंतच्या मालाला दर १२५ टनांमागे २०० ग्रॅमचा एक नमुना, ६०,००० टनांपर्यंत दर २५० टनांमागे एक, त्यापुढे दर ५०० टनांमागे एक. ढिगाचा नकाशा काढून त्याचे तेवढे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात पृष्ठभागाखाली सुमारे ५० सेंटिमीटरवरून नमुना उचलायचा. नमुना लगेच हवाबंद करायचा. उघड्या प्लास्टिकच्या पिशवीत मोटारीच्या डिकीतून लॅबपर्यंत गेलेला नमुना वाटेतच वाळतो. ज्या ढिगाचे नमुने घेतले त्याच ढिगातून बार्ज भरल्या जात आहेत का, हेही सर्व्हेअरने बघायचं.

इकडे जहाजावर होल्डची तयारी. होल्ड कोरडे, बिल्जच्या विहिरी (तळाशी पाणी साचायचे खड्डे) साफ, तोंडावर जाळी आणि वरून गोणपाटाचे दुहेरी थर. पाणी झिरपलं पाहिजे, पण बारीक माल आत जाता कामा नये. बिल्ज पंपाने प्रत्यक्ष पाणी ओढून बघायचं, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उलटं पाणी येऊ देत नाही याची खात्री करायची, साउंडिंग पाइप (पाण्याची खोली मोजायचे नळ) मोकळे आहेत का ते तपासायचं. होल्डमधल्या पाण्याचे अलार्म, म्हणजे अर्ध्या मीटरवरचा आणि त्याच्या वरचा, भरायच्या आधीच वाजवून बघावेत. माल पडल्यावर तो सेन्सर गाडला जातो आणि मग तो दुरुस्त करणं जवळजवळ अशक्य. हॅच कव्हरची रबरं आणि निचऱ्याची भोकं बघायची ती याच वेळी.

मग बार्ज येतात. मांडवी आणि जुवारीच्या काठांवरच्या धक्क्यांवर भरलेल्या बार्ज नदीतून खाली येऊन जहाजाला लागतात आणि जहाजाच्याच क्रेन-ग्रॅबने किंवा ट्रान्सशिपरने (बार्जमधून जहाजात माल चढवणाऱ्या तरत्या क्रेन-जहाजाने) माल वर येतो. आमच्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवं. कागद ढिगाबद्दल बोलतात, होल्डमध्ये जातो तो बार्जमधला माल. बार्ज उघडी असते. वाटेत सर आली, आग्वादच्या तोंडाशी लाट आत आली, तर कागदावरचा ओलावा तिथेच शिळा होतो. शिवाय उभ्या बार्जमध्ये पाणी खाली उतरतं. वरचे थर चांगले येतात, आणि शेवटचे काही ग्रॅब तळ खरवडून निव्वळ गाळ उचलतात. तळाचा हा माल चढवायचा नाही, बार्जमध्येच राहू द्यायचा, असं स्टिव्हेडोरच्या (माल चढवणाऱ्या कंत्राटदाराच्या) फोरमनला आणि ग्रॅब चालवणाऱ्याला भरणं सुरू होण्यापूर्वी सांगून ठेवावं. नंतर वाद घालत बसण्यापेक्षा ते सोपं.

प्रत्येक बार्जला आम्ही कॅन टेस्ट करतो : लागल्यावर एकदा, अर्धी रिकामी झाल्यावर एकदा आणि तळ दिसू लागल्यावर पुन्हा. अर्धा ते एक लिटरचा पत्र्याचा गोल डबा पुरतो. नमुना वेगवेगळ्या ठिकाणांहून, हातभर खणून घ्यायचा, मोठे खडे वेचून टाकायचे, डबा अर्धा भरायचा. मग एका हातात धरून सुमारे २० सेंटिमीटर उंचीवरून कठीण पृष्ठभागावर जोराने आपटायचा, एक-दोन सेकंदांच्या अंतराने २५ वेळा. डेकची प्लेट यासाठी उत्तम. लाकडी फळीवर किंवा रबरी मॅटवर आपटलेला डबा खोटं सांगतो. नंतर डबा तिरपा करून उजेडात बघायचा. माल निस्तेज राहिला, भेगा तशाच दिसल्या, बोटाने दाबल्यावर ठिसूळ तुटला, तर ठीक. पृष्ठभाग गुळगुळीत होऊन चमकू लागला, कडेने पाण्याची रेघ उमटली, किंवा डबा हलवल्यावर वरचा थर थरथरला, तर ती बार्ज थांबवायची आणि नमुना लॅबकडे पाठवायचा. प्रत्येक चाचणीचा फोटो काढायचा. बार्जचं नाव आणि वेळ कागदावर लिहून डब्याशेजारी ठेवायची.

या चाचणीचा अर्थ एकाच बाजूने लावायचा असतो. डबा ओला दिसला तर माल संशयास्पद. डबा कोरडा दिसला म्हणून माल सुरक्षित ठरत नाही. कोरड्या दिसलेल्या मालाचाही ओलावा टीएमएलच्या वर असू शकतो, असं कोडमध्येच स्पष्ट लिहिलं आहे. 'चीफसाहेब, कॅन टेस्ट पास झालीय, आता सर्टिफिकेट कशाला?' हे वाक्य ऐकून हो म्हणू नका.

डब्याशिवायही माल बोलतो. ग्रॅब उघडल्यावर माल ढीग धरून बसला पाहिजे. पडताच पसरून सपाट झाला, होल्डच्या भिंतींवर चिखलाचे शिंतोडे उडाले, ग्रॅबच्या दातांचे ठसे काही वेळाने भरून आले, ढिगाच्या पायथ्याशी पाणी साचलं, तर भरणं थांबवून कॅप्टनला उठवायचं. होल्डवर नजर ठेवणाऱ्या खलाशालाही हे नीट समजावून द्यावं. तो तिथे तासन्तास उभा असतो, सगळ्यात आधी त्यालाच दिसतं.

पावसाचा नियम सोपा आहे, पाळणं कठीण. पाऊस पडत असताना हा माल हाताळायचा नाही आणि काम नसलेल्या होल्डची कव्हरं बंद ठेवायची. ओलावा टीएमएलच्या इतका खाली असेल की पावसाने तो मर्यादा ओलांडणार नाही, तर कोड सवलत देतो, पण कोकणातल्या सरीला ती सवलत लावणं धाडसाचं आहे. मेच्या उत्तरार्धात वळिवाची सर पंधरा मिनिटांत येऊन जाते. कव्हरं बंद करायलाच तेवढा वेळ लागतो. रडारवर सरीचा ठिपका दिसला की क्रेन थांबवून कव्हरं ओढायला घ्यावीत. शिपरचा माणूस कुरकुरेल, थांबलेल्या वेळेवर सही करायला नकार देईल. लॉगबुकात वेळा लिहून ठेवा.

माल नाकारायची वेळ आली तर ती भरण्याआधीची. होल्डमध्ये गेलेला माल परत उतरवणं म्हणजे बार्ज, परवानग्या, कस्टम्स आणि खर्च कोणाचा यावरून आठवड्यांचा घोळ. तोवर ओला माल पोटात घेऊन जहाज अँकरवर हेलकावे खात उभं. आयएसएम कोडने सुरक्षिततेच्या बाबतीत अंतिम अधिकार कॅप्टनला दिला आहे आणि कंपनीने तो लेखी मान्य केलेला असतो. म्हणून पत्र साधं आणि मुद्देसूद लिहावं : कोणती बार्ज, कोणत्या वेळी, कॅन टेस्टमध्ये काय दिसलं, कोणतं सर्टिफिकेट नाही किंवा कोणता आकडा जुळत नाही, आणि कोडच्या चौथ्या व सातव्या विभागांनुसार काय मागतो आहोत. प्रत कंपनी, चार्टरर (जहाज भाड्याने घेणारा) आणि पी अँड आयच्या स्थानिक प्रतिनिधीला. 'माल ओला वाटतो' एवढंच लिहिलेल्या पत्राला कोणी विचारत नाही.

भरून झाल्यावर माल सपाट करून घ्यायचा. फाइन्सच्या परिशिष्टानुसार शिखर आणि खळगा यांतला फरक जहाजाच्या रुंदीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, ३२.२६ मीटर रुंदीच्या सुप्रामॅक्स (मध्यम आकाराच्या) जहाजाला तो साधारण १.६ मीटर येतो. ग्रॅब ऑपरेटरला शेवटच्या फेऱ्यांत हे करून द्यायला सांगावं लागतं, आपण होऊन कोणी करत नाही. होल्डवार नमुने सील करून जहाजावरच ठेवावेत.

प्रवासात बिल्जचं साउंडिंग दिवसातून किमान दोनदा. निघालेलं पाणी मोजून काढायचं आणि होल्डवार लिहायचं. एखाद्या होल्डमधलं पाणी अचानक वाढलं, किंवा येत होतं ते एकदम थांबलं, दोन्हीकडे लक्ष द्या. थांबणं म्हणजे गोणपाट चोंदलं असण्याची शक्यता. हवा चांगली असताना मालाचा पृष्ठभाग बघावा, पण होल्ड ही बंद जागा आहे, ऑक्सिजन मोजल्याशिवाय आत उतरायचं नाही. वरून दिसणारं सपाट, चमकणारं तळं हा धोक्याचा इशारा. लोहखनिज भरलेलं जहाज ताठ असतं, झटक्याने सरळ होतं. ते आळसावल्यासारखं झुलू लागलं किंवा एका बाजूला रेंगाळू लागलं, तर लाटेच्या हिशेबाने कोर्स आणि वेग बदलून हेलकावे कमी करा, किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राला कळवा, जवळच्या आसऱ्याचं बंदर धरा आणि सगळ्यांना इमर्शन सूट (थंड पाण्यात तगवणारा पोशाख) घालून तयार ठेवा. उंच बाजूला बॅलस्ट (तोल साधायला टाक्यांत भरलेलं पाणी) घेऊन कल घालवायचा मोह टाळा. सुटलेला माल दुसऱ्या बाजूला लोटला तर जहाज तिकडे आणखी वेगाने जातं.

उतरवण्याच्या बंदरात ड्राफ्ट सर्व्हेचा (जहाज पाण्यात किती बुडालं यावरून काढलेल्या वजनाचा) आकडा भरतानाच्या आकड्यापेक्षा कमी येतो, कारण वाटेत पाणी निथळून बाहेर गेलेलं असतं. माल घेणारा त्याला तूट म्हणतो आणि दावा ठोकतो. बिल्जमधून किती टन पाणी, कोणत्या तारखेला, कोणत्या होल्डमधून काढलं, ही रोजची नोंद सर्व्हेअरच्या सहीसाठी तयार ठेवा. सीलबंद नमुने दावा मिटेपर्यंत टाकू नका.